पाहुण्याला मूठभरच

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी जगाचे फोन जोडून दिले आणि माझी सख्खी धाकटी बहीण माझाच फोन घेत नाही. असो. कागद फाडायचा असेल तर वाचून झाल्यावर फाड. पाहुणा अजून जिवंत आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं तू काही धड वाचणार नाहीस. जिवंत आहे, पण काल दुपारपासून आडवा पडलाय.

गल्लीने त्याला मेल्यातच जमा केलंय आणि मारेकरी कोण, तर मी! समोरची शिंपीण कुंपणावर कोपरं टेकून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, "स्वतः चांगली चापून जेवते नि मुक्या जिवापुढे मूठभर टाकते." बेकरीवाला तर विचारून गेला, बाई, गवत तराजूत तोलून देता का म्हणे. हो, देते! हेच लोक त्या बागेतल्या फोटोवाल्यापुढे रांगा लावून आपली पोरं या घोड्यावर बसवत होते. धंदा गुंडाळून तो गेला आणि घोडा दुकानामागच्या आवारात विसरला. विसरला! माणूस छत्री विसरतो गं, घोडा कसा विसरतो? मी कुलूप तोडायला लावलं तेव्हा त्याने भुकेने लाकडी फाटक कुरतडून अर्धं केलं होतं. पाठीवर हात ठेवला तर करवतीवर ठेवल्यासारखा वाटला. तेव्हा यांच्यातलं एक माणूस दोर धरायला पुढे आलं नाही. आता मात्र सगळ्यांना पान्हा फुटलाय.

घोड्यांच्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अजून पोरगीच आहे, मला आजी म्हणते, एकदा तिला त्याबद्दल सुनावणार आहे. पण काम जाणते. ती म्हणाली, इतके दिवस उपाशी राहिलेला घोडा भुकेतून वाचतो आणि नंतरच्या जेवणाने मरतो. पोटात काही नसताना शरीर स्वतःचंच मांस जाळत कसंबसं तग धरून असतं. त्यात एकदम धान्य पडलं की रक्तातले क्षार झपकन खाली येतात आणि हृदय बंद पडतं. म्हणून नुसता लसूणघासाचा सुका चारा, तोही मूठ मूठ, पुन्हा पुन्हा, आणि हळूहळू वाढवत न्यायचा. सोबत स्वच्छ पाणी. वाढलेले दात कानशीने घासणं, जंतांचं औषध, खुराक, सगळं मागाहून, अंगात जीव आल्यावर. वजन भरायला महिने लागतील. घाई आपल्याला असते, आजी, त्याच्या आतड्यांना नसते, असंही म्हणाली.

तू राहायला आलीस तेव्हा हे सगळं मी तुला सांगितलं. तू मान हलवलीस. तुझं मान हलवणं मला बोर्डिंगपासून ठाऊक आहे. जेवताना शिस्त पाळा असं सिस्टर सांगायच्या, तू सगळ्यांत आधी मान हलवायचीस आणि माझ्या ताटलीतला पाव पळवायचीस. सकाळच्या प्रार्थनेत तुझं पोट असं गुरगुरायचं की पुढच्या रांगेतल्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या. तेव्हापासून भुकेलं तोंड दिसलं की तुला राहवत नाही. तुझ्या घरातून कुणी पोट भरून जात नाही, जो तो पोट धरून जातो. हे मी आजवर विनोद म्हणून सांगत आले.

खरं म्हणजे त्याला नाव तू दिलंस. मी म्हणाले होते, चार दिवसांचा पाहुणा आहे, लळा लावू नकोस. तर तू त्याला पाहुणाच म्हणायला लागलीस. माझ्या हातून तो तोंड फिरवून खायचा, मेहेरबानी केल्यासारखा. तू शेजारी उलटी बादली टाकून बसायचीस, कसलंतरी बेसूर गायचीस आणि तो तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकून सावकाश चावत राहायचा. मला हेवा वाटला, हेही लिहून टाकते.

मग परवा सकाळी मी घास आणायला गेले आणि परत आले तर बादली चाटूनपुसून लख्ख. मक्याचा भरडा आणि वर काकवी! तू हात पुसत उभी होतीस. "ताई, बघ ना, कसा मिटक्या मारत खाल्लंन!" तुझा चेहरा इतका आनंदी होता की त्यानेच माझं डोकं फिरलं. मी जे बोलले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. माझं बोलून झाल्यावर तू पिशवी भरलीस आणि गेलीस. मी फाटकापर्यंतसुद्धा आले नाही.

काल त्याचे पाय थरथरायला लागले आणि तो बसला तो बसलाच. डॉक्टरने सलाइन लावली, क्षारांची इंजेक्शनं दिली. आज दुपारी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. हृदय अजून लढतंय म्हणाली. पण आता त्याने तोंडच मिटून घेतलंय. ओलावलेला घास ओठांशी नेला तर डोळे बंद करतो. पोटात नळी घालायला गेलो तर धडपडतो आणि तेवढी धडपड त्याला सोसायची नाही. आज थोडं थोडं काही गेलं नाही, तर उद्या ती शेवटचं इंजेक्शन घेऊन येणार आहे. मी बादलीवर बसून पाहिलं. गाऊनही पाहिलं. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे.

ठमे, परवा मी म्हणाले, "भावोजींनाही असंच भरवून भरवून मारलंस." ते खोटं होतं. दवाखान्यात ते कुणाच्याच हातून पाण्याचा घोट घेत नव्हते. नर्सच्या नाही, माझ्याही नाही. तू चमचा धरलास की घेत होते. जितके दिवस जगले, तितके त्या चमच्यावर जगले. मी दाराशी उभी राहून बघत होते. मला हे पक्कं माहीत होतं, तरी मी ते बोलले. माफी येऊन माग म्हणशील तर येईन, पण आज याला सोडून निघता येत नाही. दूधगाडीवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. तो तुझ्या दाराशी थांबेल. घाई करून हॉर्न वाजवलास तर बघ, असा त्याला दम दिलाय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे बघूही नकोस. पण त्याच गाडीत बस आणि ये. घास मी बारीक चिरून, भिजवून ठेवते. भरवायला तू हवीस.

तुझीच, तुला हाकलून आता फाटकात उभी असलेली,
ताई