लॉगवर माझं नाव

१२ फेब्रुवारी, चँडलर
दिल्याने आज ट्रकमधल्या, ड्रायव्हरच्या तासांचा लॉग ठेवणाऱ्या टॅब्लेटवर बुक्की मारली. काचेला तडा, बोटांतून रक्त. ट्रेलर रिव्हर्स घेण्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. नवा ट्रेलर आणि ट्रक मिळून वजन सव्वीस हजार पौंडांच्या वर जातं, म्हणजे कमर्शियल लायसन्स हवंच. ते फक्त माझ्याकडे. यंत्रं पोचवायचा धंदा दोघांचा, चालवायचं एकट्याने.
"तीस वर्षं गाडी चालवतोय मी!" असं ओरडत होता. नागपूरच्या हॉस्टेलमध्येही असाच. आधी मारणार, मग हात धुणार.

२० फेब्रुवारी
उद्या लास क्रूसेसला खोदकामाचा एक्स्कॅव्हेटर पोचवायचाय. माझी दाढ सुजलीय, डेंटिस्टही उद्याच. दिल्या म्हणाला, "टॅब्लेटचा तुझा पिन दे. एक दिवस. लॉग तुझ्या नावावर चालेल. कोण बघतंय यार?"
दिला. बायकोला, मनीषाला सांगितलं नाही.

९ एप्रिल
आज लॉग नीट उघडून पाहिला. सहा ट्रिपा अशा, की मी घरी आणि लॉगवर हायवेवर. लेकीच्या, रियाच्या वाढदिवसाला केक खात होतो तेव्हा म्हणे मी न्यू मेक्सिकोत ट्रक चालवत होतो. दोन दिवस तर दिवसाला अकरा तास चालवायची मर्यादाही ओलांडलेली.
पिन बदलतो म्हटलं. दिल्याने कॉलर धरून ट्रकच्या दारावर आपटलं. डोकं अजून ठणकतंय. मग त्यानेच माझा शर्ट नीट केला. "सॉरी शिऱ्या. पुढच्या महिन्यात परत परीक्षा देतोय."
पिन बदलला नाही. घाबरलो. त्याला, की कामं बंद पडतील याला, सांगता येत नाही.

१७ एप्रिल
दुपारी दोनला फोन. "शिऱ्या, पलटी झाली."
लॉर्ड्सबर्गच्या अलीकडे. वाऱ्याने ट्रेलर डोलायला लागला, त्याने करकचून ब्रेक मारला. साखळ्या तुटल्या आणि एक्स्कॅव्हेटर शेजारच्या लेनमधल्या गाडीवर गेला. गाडीत नवरा-बायको. पत्रा कापून बाईंना बाहेर काढायला तासभर लागला. "ओरडत होत्या रे. मग ओरडायच्या थांबल्या." एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता. जिवंत आहेत. नवऱ्याच्या फक्त बरगड्या मोडल्या.
दिल्याला खरचटलंसुद्धा नाही. ते ऐकून आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.

१९ एप्रिल
तपास अधिकाऱ्याचा फोन. दिल्याने सांगितलंय की या ट्रेलरला कमर्शियल लायसन्स लागत नाही असं मीच त्याला पटवलं, पिनही मीच बळेच दिला. मी म्हटलं, वकिलाशी बोलून उत्तर देतो. 
बाईंचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला. नाव कळलं. इथे लिहवत नाही.

२१ एप्रिल
काल लिहिता आलं नाही. रात्र कोठडीत, आज जामीन.
काल सकाळी आमच्या यार्डात होतो. दिल्या आला. "लॉगमधून त्या ट्रिपा काढून टाक."
"निघत नाहीत. काही बदललं तरी मूळ नोंद राहतेच."
"काढ म्हणतो ना!"
"तिचा पाय गेला, दिल्या."
साखळ्या आवळायचा लोखंडी दांडा भिंतीला टेकवलेला होता. त्याने तो उचलून माझ्या डोक्याच्या दिशेने फिरवला. डावा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी, कळ नंतर. दांडा त्याच्या हातून निसटला. मी उचलला आणि जबड्यावर मारला. तो पडला. तिथे थांबायला हवं होतं. अजून दोनदा मारलं, तो खाली असताना. तोंडावर हात धरून म्हणत होता, "शिऱ्या, नको." बाजूच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरने मला मागून धरलं नसतं तर...
मारताना बरं वाटत होतं. हे वकिलाला सांगणार नाही. इथे लिहून ठेवतो.

२४ एप्रिल
जामिनावर घरी. हात प्लॅस्टरमध्ये. कोर्टाची अट: दिल्याशी कुठलाही संपर्क नाही. भेट नाही, फोन नाही. त्याचा जबडा तारांनी बांधलाय, डाव्या डोळ्याने धूसर दिसतंय.
मनीषाने आज विचारलं. "पिन तू दिलास ना?"
"हो."
"मग त्याला कशासाठी मारलंस? खोटं बोलला म्हणून, की अर्धं खरं बोलला म्हणून?"
वकील म्हणतो, सोमवारी जबाब आहे, पिन त्याने चोरला म्हणा. पिन देताना साक्षीदार नाही, तुम्ही दोघेच होतात. रिया फोनवर रडत होती. "बाबा, डोन्ट टॉक टू हिम. प्लीज. नॉट वन वर्ड."

२६ एप्रिल, रविवार
सकाळचे दहा. समोरच्या फुटपाथला दिल्याच्या बायकोची, सुनंदाची गाडी. शेजारच्या सीटवर दिल्या. तोंड सुजलेलं, इथूनही दिसतंय.
सुनंदा दारापर्यंत आली. मनीषाने अर्धंच दार उघडलं, मी तिच्या मागे.
"शिरीष भावजी, त्यांना बोलता येत नाही. लिहून आणलंय त्यांनी. मला वाचू दिलं नाही, खुणेनेच सांगितलं, शिऱ्यालाच देणार. एकदा गाडीपाशी या."
"सुनंदा, कोर्टाची मनाई आहे," मनीषा म्हणाली. "हा तुरुंगात जाईल."
"माहितेय. आम्हालाही माहितेय." तिचे डोळे माझ्यावरच.
ती परत गाडीत जाऊन बसलीय. वीस मिनिटं झाली. गेले नाहीत. दिल्याने काच खाली केलीय, हातात घडी केलेला कागद.
कबुली असेल. धमकी असेल. शिव्या असतील.
बूट घातले. एका हाताने नाडी बांधता येईना. मनीषाला म्हटलं, बांध.
ती गुडघ्यावर बसली. नाडी हातात धरून बसलीय. बांधत नाहीये, सोडतही नाहीये.