धाकटीच्या मागे वाजलेल्या बेसची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, हौशी बेस गिटारवादक, माझ्या राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात "शरीराने व मनाने पूर्ण स्वस्थ" असे शब्द आहेत. त्यातला शरीराचा भाग मी गाळला आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत, तेव्हा तो दावा मी कोणत्या तोंडाने करू? डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. खाली जे कडवट वाटेल ते सगळे माझे स्वतःचे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यातही हीच माणसे असती आणि हाच राग.

कलम एक. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी आमच्या बँडच्या ड्रमरवर सोपवते. त्याला सगळे घड्याळ म्हणतात. वाजवायला बसला की तसूभर चूक नाही, आणि तालमीला एकदाही वेळेवर आलेला नाही. माझ्या पश्चात मात्र त्याने वेळेवर यावे. मी ताटकळणार नाही, पण बाकीचे ताटकळतील.

कलम दोन. मेण कोरायच्या सुऱ्या, चिमटे, पॉलिशची मोटर आणि जबड्याची उघडझाप तपासायचे पितळी यंत्र हे सगळे लॅबमधल्या माझ्या जोडीदारणीला द्यावे. आम्ही दोघी एका खिडकीखाली समोरासमोर बसून लोकांना तोंडभर हसता येईल असे करत आलो. कवळी नीट बसली की माणूस ती विसरतो आणि करणारीलाही विसरतो. त्याची मला सवय होती. पण बँडमध्ये, जिथे माझी धाकटी बहीण पुढे गायची आणि मी मागे बेस वाजवायचे, ती सवय लागली नाही. कार्यक्रमानंतर मी कामावर गेले की ही विचारायची, "काय, पुन्हा धाकटीचं कौतुक झालं वाटतं?"

"तुला कसं कळलं?"

"मेण किती जोरात कापतेयस ते बघ."

कलम तीन. माझा जुना बेस, चार तारांचा, तपकिरी, पाठीमागे पट्ट्याच्या बकलाने खरवडलेला, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावा. तो माझ्याकडे कसा आला ते इथे लिहिले नाही तर कोणी लिहिणार नाही.

बँड सुरू झाला तेव्हा धाकटी शाळेत होती. लॅबशेजारच्या गॅरेजात तिघे वाजवायचे: घड्याळ, एक गिटारवाला आणि कीबोर्डवर त्या गिटारवाल्याचा चुलतभाऊ. त्यांना बेस वाजवणारे कोणी मिळत नव्हते, कारण तो कोणालाच वाजवायचा नसतो. मी म्हटले, मी वाजवते. जहाजावरची नोकरी सोडून आलेल्या एका वादकाकडून हा बेस घेतला. माझ्या डाव्या हाताची बोटे पट्ट्यांवर पोहोचत नव्हती. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या कडेवर ताणून ताणून ती पोहोचवली. नव्या तारा परवडायच्या नाहीत, म्हणून जुन्याच काढून पातेल्यात उकळायची आणि पुसून पुन्हा चढवायची. काही दिवस आवाज परत खणखणीत यायचा. आई म्हणायची, "तेवढं पातेलं वेगळं ठेव बाई." मला वाटायचे, चला, घरात एक तरी गोष्ट निव्वळ माझी झाली.

मग एका रविवारी धाकटी माझा डबा घेऊन गॅरेजात आली. दारात उभी राहून आमच्याबरोबर गुणगुणत होती. गिटारवाला वाजवायचा थांबला आणि तिला म्हणाला, "जरा मोठ्यानं म्हण बघू." तिने म्हटले. त्या दिवसापासून बँड तिचा झाला. मी बोटे सोलून जिथे पोहोचले होते तिथे ती डबा घेऊन पोहोचली.

भाचीला संगीताचे काडीचे अंग नाही. म्हणूनच बेस तिला देते. तिने तो वाजवला नाही तरी हरकत नाही. फक्त आईच्या हाती देऊ नये. ती तो पंधरवड्यात शिकेल.

कलम चार. माझा अँप, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा अवजड खोका, ज्याला बँडमध्ये म्हैस म्हणतात, घड्याळला द्यावा. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रत्येक कार्यक्रमाला मी आणि घड्याळ ही म्हैस दोन बाजूंनी धरून उतरवायचो, गाडीत कोंबायचो, सभागृहाच्या मागच्या दाराने चढवायचो. धाकटी आपला माइक पर्समध्ये टाकून पुढच्या दाराने यायची आणि विचारायची, "अजून झालं नाही तुमचं?"

हीच म्हैस एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात ऐन गाण्यात बंद पडली. बोटांखाली तारा थरथरत होत्या आणि आवाज नव्हता. मी बटणे फिरवून पाहिली, पण खोटे कशाला लिहू, आत कुठेतरी आनंदही झाला. वाटले, आता कळेल सगळ्यांना. खालून बेस गेला की गाणे कसे पोरके होते ते आता ऐका. घड्याळ गडबडला आणि त्याने काठ्या उचलून धरल्या. गिटारवाला थांबला. धाकटी मात्र थांबली नाही. तिने तो सबंध अंतरा कोणाच्याही साथीवाचून म्हटला. ती समेवर आली तेव्हा जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा आमच्या बँडने पुन्हा ऐकला नाही. समारंभाचे व्यवस्थापक धावत आत आले. "ती मधली शांतता कोणाला सुचली हो? कमाल केलीत! पुढच्या वर्षीही तसंच करा."

पुढच्या वर्षी आम्ही तसेच केले. त्यानंतर नेहमीच. म्हणजे माझे लोकांना सर्वांत आवडलेले वादन ते, जिथे मी हात बांधून उभी असते.

कलम पाच. माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रातले एक कात्रण डकवलेले आहे. त्यात धाकटी डोळे मिटून गात आहे आणि डावीकडे कडेला एक कोपर दिसते. ते कोपर माझे. ज्या फोटोवाल्याने हा फोटो काढला तो हयात असल्यास त्याला माझा एक पूर्ण फोटो पाठवावा. सोबत काही लिहू नये. आई प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायची आणि घरी आल्यावर मला विचारायची, "तू कुठं होतीस गं?" आई गेली, म्हणून तिच्यासाठी कलम नाही.

कलम सहा. माझा दुसरा बेस, पाच तारांचा, काळा, जवळजवळ कोरा, आणि त्याच्याबरोबरचे पायाने दाबायचे इफेक्टचे पेडल, हे टेलरला द्यावे. तो सूट शिवतो आणि सध्या बँडमध्ये माझ्या जागेवर वाजवतो.

हा टेलर आला तो म्हशीमुळेच. तिला उतरवताना जिन्यात माझा पाय घसरला आणि मनगट मोडले. कार्यक्रम तोंडावर होता, तेव्हा घड्याळने कुठूनतरी याला शोधून आणला. मी हाताला प्लास्टर घालून प्रेक्षकांत बसले. आमचा बँड समोरून कसा ऐकू येतो ते मला तोवर ठाऊकच नव्हते. दोन गाणी झाली. तिसऱ्यात गिटारवाल्याने टेलरला खूण केली आणि तो पुढे आला. पुढे! बेस घेऊन! धाकटी बाजूला सरकली, तिने हात करून त्याला जागा दिली, आणि या माणसाने अंगठ्याने तारांवर अशी काही ठोकाठोक केली की लोक उभे राहिले. मला इतक्या वर्षांत धाकटीने कधी जागा करून दिली नव्हती. मी मागितली नव्हती हे खरे, पण टेलरनेही मागितली नव्हती. माझ्या शेजारी बसलेली बाई वाकून मला म्हणाली, "हे कोणतं वाद्य हो? आधी होतं का यांच्यात?"

हात बरा झाल्याबरोबर मी हा पाच तारांचा बेस घेतला. पेडल घेतले. दार लावून अंगठ्याने ठोकायला शिकू लागले. अंगठ्याला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. एकदा धाकटी आली आणि बाहेरूनच ओरडली, "ताई, दार कोण ठोकतंय गं?" त्यानंतर बेस पेटीत गेला तो गेलाच. मग डाव्या हाताची बोटे आखडू लागली, चार तारांचाही जड झाला, आणि गेल्या वर्षी मी बँड सोडला. टेलर कायमचा झाला. तो सभ्य माणूस आहे, मला "ताई" म्हणतो, तब्येतीची चौकशी करतो. त्याने मला राग यावा असे एकदाही काही केलेले नाही, आणि हे मी त्याला कधीही माफ करणार नाही. बेस मात्र घ्यावा. चांगला आहे.

कलम सात. बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. माझ्या अंत्यविधीला धाकटीने गाऊ नये. लोक आग्रह करतील, ती नाही नाही म्हणत उभी राहील, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतील. त्या दिवशी तरी लोकांनी माझ्याकडे पाहावे.

कलम आठ. माझ्या मालकीच्या या दोन खोल्या, गच्चीच्या सामाईक हक्कासह, धाकट्या बहिणीला द्याव्यात. मात्र एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तिने टेलरच्या बेसवर कोणत्याही मंचावर गाऊ नये. इतर कोणाच्याही साथीने खुशाल गावे. हे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून कागदाला सांगते.

सही करण्यापूर्वीची नोंद. वरचा मजकूर आज वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीला लॅबचे मालक आले होते. दुसरे साक्षीदार, खालचे चष्मेवाले, गिऱ्हाईक आल्यामुळे अडकले. आतल्या खोलीत धाकटी माझी दवाखान्याची बॅग भरत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी बाईंना हळू वाचायला सांगितले होते, पण त्यांचा आवाज कोर्टाचा. कलम आठ संपले आणि धाकटी हातात टॉवेल घेऊन बाहेर आली.

"घर मला, आणि गायचं नाही?"

"टेलरबरोबर नाही," मी म्हटले.

ती वकीलबाईंकडे वळली. "ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली तर?"

"तर त्याला मिळायचं ते मिळत नाही," बाई म्हणाल्या.

"मग पेन द्या."

"अगं, वेडी आहेस का? घर आहे ते!"

"घरासाठी मी कुणाबरोबर गायचं ते तू ठरवणार?" तिचा आवाज चढला. "तो तुझ्यापेक्षा बरा वाजवतो, ताई. तुला तेच ऐकायचंय ना गेलं वर्षभर? मग ऐक. बरा वाजवतो. मी चुकले तरी तो बरोबरच वाजवत राहतो. मागच्या कार्यक्रमात मी अर्धी ओळ खाल्ली, आणि तो तिकडे, मी इकडे. सगळ्यांसमोर उघडी पडले." ती खुर्चीवर बसली. "तू असलीस की तू पण चुकायचीस. माझ्याबरोबर, मुद्दाम. मला काय कळत नव्हतं?"

ही गोष्ट मी या कागदात कुठेही लिहिलेली नव्हती. धाकटी रंगात आली की ओळ गाळते आणि पुढच्या ओळीवर उडी मारते. तिचा खांदा वर गेला की मला ते आधीच कळायचे आणि मीही तिथेच उडी मारायची. माझ्यामागून घड्याळ, त्याच्यामागून बाकीचे. सभागृहात कोणाला पत्ता लागायचा नाही. तिलाही लागत नाही असे मी धरून चालले होते, आणि सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच होता.

"मग कधी बोलली का नाहीस?" मी विचारले.

"बोलले असते तर तू मोजून चुकायला लागली असतीस."

तिने पेन घेतले आणि माझ्या आधीच सही करायला निघाली. वकीलबाईंनी तिचा हात धरला आणि सांगितले की आधी लिहून देणारीची सही, साक्षीदार नंतर. बोलताना बाईंनी चष्मा काढून पुसला. लॅबचे मालक खिडकीबाहेर पाहत नाक ओढत होते. छाती माझी उघडायची आहे, आणि या खोलीत रडू मात्र लोकांना धाकटीचे ऐकून आले.

कलम आठ मी रेघ मारून रद्द केले आहे. दोन्ही खोल्या कोणतीही अट न घालता भाचीला द्याव्यात. धाकटीने वाटेल त्याच्या साथीने गावे. बाकी सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, तो मला मान्य आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही करत आहे.

लिहून देणारी: (सही) थोरली बहीण, कवळ्या बनवणारी, बेसवादक

साक्षीदार पहिले: (सही) लॅबचे मालक
साक्षीदार दुसरी: (सही) धाकटी बहीण, गायिका, या कागदान्वये तिला काहीही मिळत नाही

ठिकाण: लिहून देणारीचे राहते घर, तिसरा मजला
दिनांक: नऊ सप्टेंबर

खुलासा: साक्षीदार दुसरी हिची सही लिहून देणारीच्या सहीपेक्षा बरीच मोठी आली असून ती वरच्या ओळीतही घुसली आहे. त्यावरून हे मृत्युपत्र तिचे आहे असा कोणी समज करून घेऊ नये. हे माझे आहे.