उजवा म्हणजे कोणाचा?

३ मे, सोमवार. सकाळ

सापडली एकदाची वही. सूनबाई, ही तू कुठे ठेवली होतीस ते तुला आठवत नव्हतं, हिच्यात शेवटचं काय लिहिलं होतंस तेही आठवत नव्हतं, आणि चहात साखर घातली की नाही हे तर तुला रोजच आठवत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते. वही माझी. मी सांगणार, तू लिहिणार, आणि मला हवं तेव्हा मलाच वाचून दाखवणार. मध्ये स्वतःचं डोकं घालायचं नाही. मला अक्षर येत नसेल, पण तू शब्द गाळलास की कानाला कळतं.

मुख्य बातमी. लेकीकडे चार दिवस राहून आले, तर काजळी रडत होती. आमची सगळ्यात धाकटी गाय. हिची आई हिला जन्म देतानाच गेली, बाटलीने दूध पाजून मीच वाढवली. आता पहिल्यांदा गाभण आहे. चार दिवस मी दिसले नाही, तर डोळ्यातून नुसती धार. सूनबाईचं म्हणणं, डोळा निम्मा मिटलाय, माशा बसतायत, डोळे आले असतील. म्हटलं, तुला माया आणि इन्फेक्शन यातला फरक कळत नाही. मग एकाच डोळ्याने का रडते, असं विचारते ही. लहान आहे अजून काजळी. शिकेल दोन्हींनी.

निळ्या फडक्याने तिचा डोळा पुसला. थोराड आणि धांदरट या बाकीच्या दोघींना वाईट वाटायला नको, म्हणून त्याच फडक्याने त्यांचेही पुसले. भेदभाव मला जमत नाही.

४ मे, मंगळवार

धार दुप्पट. मी दिसले की डोळा घट्ट मिटते. लाजते.

संकल्प: रडं थांबेपर्यंत तिघींचे डोळे तासातासाला पुसणे. सकाळपासून सहा वेळा झालं.

मुलगा म्हणाला, डॉक्टरला बोलवू. म्हटलं, पन्नास वर्षं हा गोठा मलाच डॉक्टर मानत आलाय. तरी त्याने फोन लावला. माझं ऐकतो तेव्हा तो माझा मुलगा असतो. आज तुझा नवरा आहे.

५ मे, बुधवार. दुपार

गुरांची डॉक्टरीणबाई येऊन गेली. एवढीशी मुलगी. मी तिच्या मागे दाराकडे बघत राहिले, की खरा डॉक्टर कधी आत येतोय.

टॉर्च मारून बघितलं. म्हणाली, इन्फेक्शनच आहे आणि बुबुळावर पांढरा ठिपका आलाय. तो चरत गेला तर गाय त्या डोळ्याने आंधळी होईल. आठवडाभराचा प्रश्न आहे, म्हणाली.

बसायला स्टूल दिलं तिला.

मग भरपूर सूचना. काजळीला वेगळं बांधा, सावलीत, अंधाऱ्या जागी. हा रोग माशा पसरवतात. धूळ आणि वाळल्या गवताची टोकं डोळ्याला ओरखडे काढतात, म्हणून गवत उंचावर टांगू नका, खाली ठेवा. एकीच्या डोळ्याला लागलेला हात किंवा कापड दुसरीला लावू नका. दर वेळी हात धुवा. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, पण रोख सूनबाईकडे होता हे माझ्या लगेच लक्षात आलं. उजव्या डोळ्यात दिवसातून तीनदा ट्यूबमधलं मलम, आणि वर जाड कापडाचा पॅच.

ट्यूब कोण घालणार यावर चर्चा झाली. तुझा नवरा म्हणाला, आई, तुला दिसत नाही नीट. मला! अजून सुई मी ओवते. दोरा तेवढा सूनबाई घालते.

निर्णय माझा: काजळी पेंडीच्या खोलीत राहील, चावी माझ्या कमरेला राहील, आत फक्त मी जाईन. डॉक्टरीणबाई वेगळं ठेवा म्हणालीच होती. सगळ्यांपासूनच ठेवते.

६ मे, गुरुवार

समोर उभी राहिले, उजवा हात पुढे केला, उजव्या हाताला जो डोळा आला त्यात मलम. पापणीसुद्धा हलवली नाही पोरीने. काल डॉक्टरीणबाईने बोट लावलं तर मान अशी उडवली होती की टॉर्च पेंडीत जाऊन पडला. हाताहातात फरक असतो.

मुलाच्या जुन्या जीन्सचा तुकडा कापून पॅच केला आणि चिकटवला. पाणी वाहून जायला खालची बाजू मोकळी ठेवली. डॉक्टरीणबाईने सांगायच्या आधीच मला ते सुचलं असतं.

७ मे, शुक्रवार

पॅच लावल्यापासून काजळी घमेल्यात पाय घालते, भिंतीला धडकते. औषध अंगात भिनतंय. गुंगी आहे.

मलमाच्या वेळी मात्र दगडासारखी शांत.

सूनबाईने खिडकीतून डोकवायचा प्रयत्न केला. खिडकीला गोणपाट लावलं. अंधारी जागा सांगितली आहे, तर अंधारी.

९ मे, रविवार

माशांविरुद्ध मोहीम. शेण दिवसातून दोनदा उचलायचं, हे तुझ्या नवऱ्याकडे सोपवलं. गोठ्यात टेबलफॅन. वरून चिकट कागदाच्या पट्ट्या टांगल्या. त्यातली एक माझ्या केसांत अडकली, ती सूनबाईने कात्रीने सोडवली. थोडे केसही गेले. मोहीम म्हटली की थोडं जातंच.

संध्याकाळी बारकाईने पाहणी केली. गोठ्यात एकही माशी दिसत नाही. सूनबाई म्हणाली, आई, एक तुमच्या चष्म्यावर बसलीये. चष्मा डोक्यावर होता, त्यामुळे ती धरायची नाही.

१० मे, सोमवार

थोराड आणि धांदरट, दोघींच्या डोळ्यांना पाणी. शेजारणीच्या गोठ्यातून आलं हे. माशी त्यांची, डोळा आमचा! जाऊन सांगितलं तिला. ती म्हणाली, आजी, माझ्या गाई बऱ्या आहेत की. म्हणजे तिनेच पाठवलं.

फडकं आता दर अर्ध्या तासाने फिरवते आहे.

दुधावर सायही धरत नाही हल्ली. डोळ्याचं दुखणं दुधात उतरलं असणार. सूनबाईलाही तसंच वाटतं. लगेच पटलं तिला.

११ मे, मंगळवार. संध्याकाळ

डॉक्टरीणबाई परत आली. बाकीच्या दोघींना इंजेक्शन दिलं, त्यांचं दूध काही दिवस ओतून टाका म्हणाली. मग माझ्याकडे चावी मागितली.

मी ऐटीत कुलूप काढलं. काजळीचा पॅच अलगद सोडवला. आत डोळा कसा! काळाभोर, चकचकीत. म्हटलं, बघ. डॉक्टरीणबाई म्हणाली, खरंच छान आहे. आणि वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली.

तिथे तिने टॉर्च लावला.

मग विचारलं, आजी, उजवा म्हणजे तुम्ही कुठला धरलात? मी उजवा हात वर केला. ती म्हणाली, तो तुमचा उजवा. गाईचा उजवा तिकडे आहे.

सहा दिवस धडधाकट डोळ्यात औषध घातलं, धडधाकट डोळ्यावरच पॅच लावला, आणि पोरगी दुखऱ्या डोळ्याने चाचपडत भिंतींवर आपटत राहिली. ठिपका वाढलाय. पाण्यात दूध सांडावं तसा सगळा डोळा निळसर पांढरा झालाय, असं सूनबाई म्हणाली.

मी डॉक्टरीणबाईला ऐकवलं, सांगताना नीट सांगावं ना, कोणाचा उजवा. ती रागावली नाही. किती बोटं आहेत ही, असं विचारलं. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, आजी, हातात ट्यूब आहे.

निळं फडकंही सापडलं तिला. चिमटीत धरून बाहेर नेलं. तुझ्या नवऱ्याने ते जाळलं.

१२ मे, बुधवार

आज काही लिहायचं नाही. हेही लिहू नकोस.

१४ मे, शुक्रवार

मलम आता सूनबाई घालते. गाईच्या उजव्या डोळ्यात. मी दाराबाहेर स्टुलावर बसते. सुपरवायझर. आत जायचं तर कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, असा नियम केलाय. सूनबाईने केलाय, पण मंजुरी माझी आहे.

मलम घालताना काजळी झटके देते, पाय आपटते. तेव्हा माझ्या हातात का शांत होती, ते आता विचारू नये कोणी.

१८ मे, मंगळवार

सात दिवस झाले. सूनबाई, तू आज बाहेर आल्यावर, डोळा कसा आहे, असं मी विचारलं आणि तू उत्तर द्यायला वेळ लावलास. तेवढ्या वेळात मी स्टुलावरून उठून दोनदा हात धुतले.

२३ मे, रविवार

डोळा उघडला! पॅच काढला. डॉक्टरीणबाई म्हणाली, नजर वाचली, मध्ये डाग राहील. सूनबाई म्हणाली, अगदी तिळाएवढा, आई. मी त्या बाजूने, गाईच्या उजव्या बाजूने, हातात गवत धरून गेले. तिने गवत घेतलं, वर माझी बाहीपण चघळली. दिसतंय तिला. थोराड आणि धांदरटही बऱ्या.

एकूण माझ्या देखरेखीला यश आलं.

जाताना डॉक्टरीणबाई मुलाच्या कानाशी काहीतरी बोलली. माणसांच्या डॉक्टरचा नंबर दिला. मला मोतीबिंदू आहे म्हणे, दोन्हीकडे. म्हटलं, मोती आहे तर राहू दे की. हे मी हसत म्हटलं. मुलाने नंबर फोनमध्ये भरून घेतला.

संकल्प: ऑपरेशनला न जाणे.

२९ मे, शनिवार

जातेय. काजळी व्यायली की वासराचा डोळा कोणी तपासायचा? तेवढ्यासाठी. माझ्यासाठी नाही.

२ जून, बुधवार. हॉस्पिटल

आजचं पान नर्सबाई लिहितेय, कारण विषय सूनबाई आहे. वही तिच्या हातूनच घरी जाणार, तेव्हा वाचेलच.

आधी उजवा डोळा केला. ऑपरेशनआधी पेनने भुवईवर बाण काढतात. कोणाचा उजवा, असं मी तीनदा विचारलं. डॉक्टर हसले. त्यांना हसू दे. त्यांनी गाय बघितलेली नाही.

आज पट्टी निघाली. मुलाचं पोट केवढं सुटलंय! सूनबाईच्या कानाशी केस पांढरे झालेत, ते कधी झाले कोणी सांगितलंच नाही मला. फोनवर काजळीचा फोटो दाखवला. डाग बघितला. तिळाएवढा नाहीये तो. चांगला हरभऱ्याएवढा आहे, मधोमध. मी घातलेला डाग आहे तो, सहा दिवसांत.

सूनबाई, तू तीळ म्हणालीस ते मुद्दाम म्हणालीस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

पण तू गेल्यावर पेल्यातलं दूध बघितलं. पांढरं पाणी. कडेला चमच्याने साय ओढून काढल्याची रेघ दिसतेय. नर्सबाईलाही दाखवली. म्हणजे दुखणं दुधात उतरलं नव्हतं, कोणाच्या तरी पोटात उतरत होतं.

उद्याच्या डब्यात दूध पाठव. साय वरच राहू दे, सगळी. आता मला दिसतं.