एमेटचं विमान

१४ जून, गुडिंग, आयडाहो

खोटं बोललो. तेही सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाशी, त्याच्याच विमानात बसून!

डार्लाने आधीच बजावलं होतं. डार्ला म्हणजे एमेटची मुलगी, व्यवहार सगळा तिच्याशीच झाला. "विमान विकलं म्हणून बाबांना सांगू नका हं. सकाळचं दुपारी आठवत नाही त्यांना, पण विमानाचं सगळं आठवतं. एक फेरी मारून येतो म्हणा आणि निघा." मला वाटलं, ऐन वेळी तीच सांगेल. ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

एमेट मात्र पहाटेपासून तयार. शर्टाच्या बाहीने माझ्या पुढची काच पुसली. पुढचा पंखा स्वतःच्या हाताने फिरवून इंजिन सुरू केलं, हट्टाने. मग कॉकपिटच्या कडेला लटकून कानात ओरडले, "डावा ब्रेक ओढतो हिचा! उतरताना झोपू नकोस! आणि जेवायच्या आत ये, डार्ला कोंबडी तळतेय."

"येतोच," म्हणालो.

वर गेल्यावर खाली बघितलं. टोपी हलवत होते. रिवाज असा, की डोक्यावरून एक चक्कर मारायची. मी मारली नाही. सरळ निघालो — व्हर्माँटकडे, घरी. अख्खा देश ओलांडून.

१५ जून

जोराचा वारा, वाटेतच अडकलो. डार्लाला फोन करायला हवा होता. केला नाही.

१६ जून, रॉलिन्स, वायोमिंग

लाज वाटायला हवी, पण आज मजा आली. फार मजा आली! रानझुडपांचा कडवट वास थेट वरपर्यंत येत होता. हरणांचा कळप माझ्या सावलीच्या पुढे धावत होता. तोंडावर तेलाचे शिंतोडे, ओठ फुटलेले, आणि मी मोठमोठ्याने गात होतो. मला गाता येत नाही.

इथे तेल भरणाऱ्याने विचारलं, "कुणाचं हो हे पिवळं पाखरू?"

"माझं." पहिल्यांदाच म्हणालो. जीभ अडखळली.

मग डार्लाचा फोन. दोन दिवस बाबा धावपट्टीशेजारी खुर्ची टाकून बसलेत. काल म्हणाले, तेल संपलं असेल, कुठल्या तरी शेतात उतरला असेल बिचारा. तिला पिकअप काढायला लावली. पाण्याचा कॅन घेतला, सँडविच बांधून घेतले — माझ्यासाठी! — आणि दोघं अंधार पडेपर्यंत कच्च्या रस्त्यांवरून मला शोधत फिरले.

"तुम्ही गेलात त्यांच्याबरोबर?" मी विचारलं.

"मग काय करणार होते? सांगणार होते?"

ती रडत होती. मी म्हणालो, सांभाळा. काय पण शब्द!

१७ जून, ऑगलाला, नेब्रास्का

पूर्वेला ढगांची काळी भिंत. हँगरच्या दारात बसून बेव्हला फोन केला. बायको आहे, ऐकून घेईल असं वाटलं.

"परत फिरावं म्हणतोय," मी म्हणालो.

"का? चोरलंयस का विमान? कागदांवर सह्या आहेत ना?"

"डार्लाच्या आहेत."

"तिला अधिकार आहे तो. मग?"

"एमेटच्या नाहीत."

मग म्हणाली, "कर्टिस, परत जाऊन काय करशील? त्यांच्या अंगणात तंबू ठोकशील? विमान तिथे सडायला लागलं होतं, असं तूच म्हणत होतास ना? इथे मी अख्ख्या गावाला आमंत्रण देऊन बसलेय आणि साहेब नेब्रास्कात गळा काढून बसलेत!"

तिचं चुकत नाही. म्हणून जास्त राग आला.

१८ जून, आयोवा

सकाळी वारा पश्चिमेचा होता, आणि उडायचं वाऱ्यासमोरच, म्हणून तोंड तिकडे करूनच धावपट्टीवरून सुटलो. वर चढलो. नाक नेमकं आयडाहोकडे. तसंच जात राहिलो असतो तर?

वळलो. कुणी वळवलं नाही, मीच वळवलं.

२० जून, ओहायो

उतरताना डाव्या चाकाचा ब्रेक धरला, विमान गर्रकन फिरायला लागलं. उजवा पाय आपोआप पेडलवर पडला. "झोपू नकोस!" हे कानात ऐकू आलं — अगदी त्यांच्याच आवाजात. वाचलो. विमानही वाचलं.

नंतर बराच वेळ पंखाखाली गवतात बसून होतो. ज्याला फसवलं त्यानेच वाचवलं.

२२ जून, घर

पोचलो!

गवताच्या धावपट्टीवर सारं गाव. बेव्हने रूबार्बचे आंबट देठ घालून गोड पेस्ट्री भाजून आणलेली, पोरं पंखांना हात लावायला धडपडतायत. मी खाली उतरलो. टाळ्या वाजल्या. तीस वर्षं ज्याचं स्वप्न बघितलं ते झालं, आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

पोस्टातल्या हर्बने विचारलं, "म्हातारा इतकं देखणं विमान द्यायला तयार कसा झाला रे?"

"आनंदाने दिलं," मी म्हणालो.

बेव्हने नुसतं माझ्याकडे बघितलं. पेस्ट्रीचा दुसरा तुकडा वाढला नाही.

२३ जून

फोन केला. डार्लाला सांगितलं, मला बोलायचंय त्यांच्याशी. ती नको नको म्हणत होती, शेवटी दिला.

"अरे पोरा! कुठे उतरलास? आम्ही सगळे रस्ते पालथे घातले!"

"एमेट, मी व्हर्माँटला आहे. विमान मी विकत घेतलंय. ते परत येणार नाही. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो."

"डार्लाने विकलं?"

"हो."

"मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

मग म्हणाले, "पावसात ठेवू नकोस. कापड कुजतं." आणि थोड्या वेळाने, "चांगली उडाली का?"

"फार चांगली."

"हं." ठेवला फोन.

मागच्या पायरीवर बसून रडलो, पोरासारखा. बेव्ह शेजारी येऊन बसली. छातीवरचा दगड उतरला. जेवलो पोटभर. सांगितलं — सुटलो!

२४ जून

दुपारी फोन वाजला. एमेट.

"अरे, आहेस कुठे? सकाळपासून मान वर करून बसलोय!" आवाज खणखणीत. कालचं काही म्हणजे काही शिल्लक नाही. मागून डार्ला म्हणत होती, बाबा, द्या तो फोन.

पुन्हा सांगायला तोंड उघडलं. समोर टेबलावर कॉफी. खिडकीबाहेर आमची गाय.

"वरच आहे, एमेट."

"कुठवर गेलास? खाली काय दिसतंय?"

"नदी दिसतेय. कडेने गवत कापलंय."

"मग डावीकडे घे जरा. हळू. नदी वळते ना, तिथे आमचं पहिलं घर आहे. लाल छपराचं. मी नि मार्जरी, डार्लाची आई, राहायचो." थांबले. "दिसलं?"

"दिसलं," म्हणालो.