प्रेसच्या हॉलमधली हिरवी अक्षरं

बाबा, काल मी आपल्या जिनिंगमध्ये जाऊन आले. आपल्या म्हणते, पण ती आपली कधीच नव्हती. तुम्ही तिथं फिटर होता, एवढंच. कापसाच्या गठाणी बांधायचा प्रेस ज्या हॉलमध्ये होता, तिथं आता वाचनालय झालंय. पोरंपोरी लांब टेबलांवर माना खाली घालून परीक्षांची तयारी करत असतात. मी सौसरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून तिथलं एक मशीन पाहायला मला बोलावलं होतं. काम दहा मिनिटांचं. पण नंतर मी उगाच खुर्चीत बसून राहिले. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यांतून तिरपं उतरत होतं आणि त्या उन्हातून काहीतरी पांढरं, हलकं, खाली यायला खूप वेळ लावत होतं. धूळ असेल. मला कापूस वाटला.

जिनिंग चालू होती तेव्हा तुम्ही भुवयांवर कापूस घेऊन घरी यायचात. आई स्वयंपाकघराच्या दारातच अडवायची, "बाहीर झटका आधी, कढीत पडते," म्हणायची, आणि तुम्ही अंगणात उभे राहून दुपट्ट्यानं स्वतःला झटकायचात. मग जिनिंग बंद पडली. मालकांनी यंत्रं विकली आणि ती खोलून द्यायचं काम तुम्हालाच सांगितलं. चार दिवस तुम्ही एकेक बोल्ट सोडवत होता. त्यानंतर संत्र्याच्या बागांमधले पंप दुरुस्त करत तिगावपासून सावरगावपर्यंत फिरलात, पण जिनिंगच्या रस्त्यानं पुन्हा गेला नाहीत. बसस्टँडला जायचं असलं तरी लांबच्या गल्लीनं जायचात.

त्याच हॉलमध्ये काही वर्षांनी कॉम्प्युटरचा क्लास निघाला. गावातला पहिलाच. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. मी नाव घालते म्हटलं तेव्हा तुम्ही ताटातून मान वर केली नाही. "जाय," एवढंच म्हणालात. तिथं आता काय काय आहे, हेही विचारलं नाही.

क्लास सुरू होऊन दोन-तीन महिने झाले असतील, मशीनं मधूनच आपोआप बंद पडायला लागली. सहातली चार. नागपूरचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. सर म्हणाले, असंच राहिलं तर क्लास गुंडाळावा लागेल. मी चुलीपाशी येऊन रडकुंडीला आले, तर तुम्ही मलाच रागावलात.

"मशीन असं एकदम बंद पडत नाही. आधी ते आवाज बदलवते. तू काय करून राहिली होती तिथं? आयकलं काय कधी?"

दुसऱ्या दिवशी मी कान लावून बसले. मला काहीच कळलं नाही. मशीनमधल्या पंख्याचा आवाज पंख्यासारखाच. तरी घरी येऊन मी सांगितलं, "हाव बाबा, जड आवाज येऊन राहिला." तुम्ही एकदा तिथं यावं, एवढंच मला हवं होतं.

तुम्ही आलात. दारात बराच वेळ उभे राहिलात. जिथं प्रेस होता, त्या जागेकडं न बघता आत शिरलात, सरांना विचारून एका मशीनच्या डब्याचे स्क्रू काढलेत. पंख्याच्या पात्यांना पांढरा गच्च थर बसला होता. तुम्ही तो नखानं उचलला, बोटांत चोळला आणि वर पाहिलं. यंत्रं गेली, माणसं गेली, पण छताच्या लाकडात बसलेला कापूस इतकी वर्षं हळूहळू खाली येतच होता. रंगाच्या ब्रशनं तुम्ही सहाही मशीनं साफ केलीत.

सर म्हणाले, "काका, तुम्ही कॉम्प्युटरचं काम शिकलात कुठं?"

"नाही शिकलो. हा कापूस ओळखीचा हाये."

मग सरांनी तुम्हाला चहा दिला आणि सांगत बसले, की पहिले कॉम्प्युटर एवढे मोठे असायचे की एकालाच असा अख्खा हॉल लागे. भोकं पाडलेली कार्डं त्यांना भरवावी लागत आणि फिटर आतमध्ये शिरून दुरुस्ती करत. तुम्ही बशी हातात धरून ऐकत राहिलात. चहा निवला. "मंग हॉलले बरोबरच मशीन भेटलं," तुम्ही म्हणालात, आणि पहिल्यांदाच त्या प्रेसच्या जागेकडं मोकळेपणानं पाहिलंत. घरी येताना आपण सरळ रस्त्यानं आलो. तुम्ही मला दाखवत होता, इथं सरकी वेगळी करायचे रेचे होते, इथं बैलगाड्या उभ्या राहत. आणि संध्याकाळच्या त्या पिवळ्या उजेडात मला त्या खरंच दिसत होत्या.

पुढं मशीनं चालली. मी त्याच विषयात शिकले, नोकरीला लागले. ते पाहायला तुम्ही होता, एवढं समाधान आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, माझ्या शाळेच्या वहीतच राहील, म्हणून एक गोष्ट लिहिते. त्या दिवसानंतर आठवड्याभरानं, जेवण झाल्यावर, तुम्ही हात पुसत विचारलं होतं, "मलेही शिकवशील काय थोडंसं?" मी म्हटलं, "परीक्षा होऊ द्या बाबा." परीक्षा झाली. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. तुम्ही विसरलात, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुम्ही विसरणाऱ्यांतले नव्हता, आणि मलाही ते रोज आठवत होतं.