बेचाळीस अंशांतल्या रेघा

१२ एप्रिल १९९३, धुळे

हिलाल सर आज पुन्हा म्हणाले, "रेघा आहेत, प्रमिलाबाई. स्वच्छ आहेत." मी उपकरणाच्या नळीला डोळा लावला. काही नाही. तांबूस अंधार, बस.

आमचा लेझर हरभऱ्याच्या दाण्याएवढा, अर्धवाहकाचा. त्याच्या किरणाचे दोन भाग करायचे, वेगवेगळ्या वाटांनी फिरवून परत एकत्र आणायचे. दोन्हीकडच्या लाटा तालात राहिल्या तर रेघा दिसतात. ताल सुटला की पुसल्या जातात. थंडीत आम्हा दोघांनाही दिसल्या होत्या. आता खोलीत बेचाळीस अंश. एवढ्या उष्म्यात ताल टिकणार नाही — मीच वर्गात शिकवते. सर म्हणतात, टिकतो.

१५ एप्रिल

प्रयोगशाळेतल्या चिंधा शिपायानं दारातच थांबवलं. "बाई, सर बठ्ठा दिन अंधारामा बसेल शेतस. एकलाच बोलतस."

दिवाळीत सरांची बायको गेली, इंदिराबाई. तेव्हापासून नरडाण्याहून पहिल्या एस.टी.नं येतात, दिवसभर त्या अंधारात बसतात, शेवटच्या एस.टी.नं जातात.

१९ एप्रिल

तेच. सर आकडे सांगत होते — नसलेल्या रेघांचे. "मधोमध बघा ना." मधोमधच बघत होते. तिथंच तर काही नाही.

भीती वाटायला लागली आहे. त्यांची की त्यांच्यासाठी, कळत नाही.

२२ एप्रिल

या प्रयोगावरचा निबंध विद्यापीठाकडे जायचा आहे. त्यावर माझंही नाव. शेवटी विचारलंच, "सर, खरंच दिसतात?"

म्हणाले, "मी खोटं बोलेन असं वाटतं तुम्हाला?" चहा तसाच ठेवून उठले.

२३ एप्रिल

प्राचार्यांना सांगितलं. सरांची तब्येत बरी नाही, नसलेलं दिसतं त्यांना — एवढंच म्हटलं. "बरं झालं, वेळेवर सांगितलंत," म्हणाले. दुपारी सरांकडून खोलीची किल्ली काढून घेऊन माझ्या हातात दिली. सर तिथंच चष्मा पुसत उभे होते. पुसतच राहिले.

२६ एप्रिल

निबंध मागे घेतला. सर रजेवर. चिंधा माझ्याशी बोलत नाही.

३० एप्रिल, जळगाव

माहेरी आले आहे. पेपर तपासताना डोकं धरतं, म्हणून अक्कानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं, नंबर वाढला असेल.

डावा डोळा झाकायला सांगितला. "वाचा."

अक्षरं दिसेनात. कडेची दिसत होती. ज्या अक्षराकडे बघावं तेच मळकट डागाखाली जायचं. नजर हलवली की डागही सोबत हलायचा. दोन्ही डोळे उघडे असताना हे कधी कळलंच नव्हतं. नळीला मी नेहमी उजवाच डोळा लावते.

डॉक्टरांनी आत बराच वेळ पाहिलं. "उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजल्याची खूण आहे. कशात रोखून बघता?"

लेझर म्हटल्यावर ते म्हणाले, "तांबडं मंद दिसतं, म्हणून साधं वाटतं. त्यातलं पुष्कळसं दिसतच नाही, भाजतं मात्र. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याचा डोळा जातो. हे भरून यायचं नाही. दुसरा डोळा तिथं लावू नका."

रिक्षात अक्का रडत होती. माझ्या डोळ्यांपुढे सर होते, चष्मा पुसणारे.

३ मे, धुळे

खोली उघडली. आजही बेचाळीस अंश. लेझर लावला. किरण कागदावर पाडून बघता आला असता, तेवढी कळ काढवली नाही. डावा डोळा लावला. क्षणभर.

रेघा आहेत. शांत, न हलता.