डावीकडे एक वीत

पोद्स्काला, ९ सप्टेंबर १९८३

ती. फ्लोरियानकाका यांस,
तिंकाराचा सा. न. वि. वि.

बाबांच्या मागे शिकार मंडळाने तेम्नाकची घळ माझ्याकडे दिली आहे, सध्या एका हंगामापुरती. मंडळात बाई कशाला, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यावर प्रमुख क्लेमेंत म्हणाले की, काळजी नको, ओझ्बोल्टची रायफल आणि ओझ्बोल्टची मुलगी, दोघींपासून जनावरांना काही धोका नाही. सगळे खो खो हसले. पंधरा वर्षांत बाबांनी घळीतून एकही रानबकरा, एकही गाम्स आणला नाही, हे ते मला विसरू देत नाहीत. ओझ्बोल्टच्या गोळ्या डोंगर ओलांडून इटलीत पोलेंटा खायला जातात, ही थट्टा अजून चालू आहे.

पण आता थट्टेची वेळ नाही. घळीतल्या कळपात एका म्हाताऱ्या मादीला खरूज झाली आहे. दिवसभर कड्याला अंग घासते, केस गळून कातडी उघडी पडली आहे. तिला लवकर सोडवलं नाही तर सगळा कळपच नासेल. घळीच्या या काठावरून पलीकडच्या कड्यावर, एकाच गोळीत, हे काम करायचं आहे. नुसती जखमी झाली तर ती खाली कपारीत पडून दिवसचे दिवस मरत राहील, आणि तिथे उतरायला वाट नाही.

म्हणून काल दगडाच्या खाणीत शंभर मीटरवर कागद लावून रायफल तपासली. तीन गोळ्या, तिन्ही भोकं एका आलुबुखाऱ्याखाली झाकतील इतकी जवळ, पण मधल्या ठिपक्यापासून चांगली एक वीत डावीकडे. मला वाटलं, माझाच हात. क्लेमेंतना मारायला दिली, तेही तसंच. रायफलीवरच्या दुर्बिणीची नेम सरकवायची जी चकती आहे, तिच्यावर लाल रंगाचा थेंब आहे आणि तो कुठेही तडकलेला नाही, म्हणजे काही सरकलेलंही नाही. काय करू?

तुमची माया आहे तशीच राहो.
तिंकारा


तोल्मिन, १४ सप्टेंबर

चि. तिंकारा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र भिंग लावून दोन बैठकांत वाचलं. आमची नदी या दिवसांत हिरवी होते, असं लोक म्हणतात. मला ती आता नुसती ऐकू येते. मास्तर असताना वर्गात मुलांकडून म्हणून घ्यायचो, त्या कवितांपैकी एक काल आठवत बसलो होतो. डोंगराला हाक मारणाऱ्या मुलीची. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं, तिसऱ्याशी अडलो आणि तिथे तुझा बाप आठवला. लहानपणी तोही तिथेच अडायचा.

असो. तू विचारलंस ते सांगतो. घाई करू नकोस. सगळी काडतुसं एकाच खोक्यातली घे. नळी दगडावर टेकवू नकोस, रायफलीच्या लाकडाखाली पोत्याची उशी दे. प्रत्येक तीन गोळ्यांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांब, तापलेली नळी खोटं बोलते. मग तोच कागद दोनशे मीटरवर लाव. शंभरवर एक वीत आणि दोनशेवर दोन विती निघाल्या, तर बिघाड नाही, दुर्बीणच कुणीतरी मुद्दाम वाकडी लावली आहे असं समज. कमीजास्त निघालं तर लाकूड फुगलं असेल किंवा काही ढिलं असेल.

काय होतं ते मला कळव. तोवर तो लाल थेंब फोडू नकोस, एवढं माझं ऐक.

म्हाताऱ्याची आठवण ठेव.
फ्लोरियानकाका


पोद्स्काला, २० सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दोनशेवर दोन विती. घळीइतकं अंतर मोजून तिथे फळी उभी केली, तर गोळी फळीला लागलीच नाही, डावीकडच्या मातीत गेली. म्हणजे मुद्दाम वाकडी लावलेलीच आहे.

काका, खरं सांगू? मला त्या रायफलीची भीती वाटायला लागली आहे. बाबांच्या गालाने लाकूड जिथे गुळगुळीत झालंय, तिथे माझा गाल आपोआप बसतो. श्वास अर्धा सोडून थांबायचं असतं ना, तर मी थांबते आणि उरलेला अर्धा माझ्या कानाशी दुसरंच कुणीतरी सोडतं. दर वेळी. काल मी रायफल ठेवून उठले आणि खाणीत मोठ्याने बाबांना विचारलं की, तुम्हाला नक्की काय हवंय.

आणि तो रंग. तो रंग नव्हे, नखपॉलिश आहे. आईचं. चर्चला जाताना ती लावायची, मला तो लाल डोळे मिटूनही ओळखू येईल. तिचं नखपॉलिश बाबांच्या दुर्बिणीवर कसं आलं? तुम्ही थेंब फोडू नको म्हणालात, म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

मादीचा एक डोळा खपलीने मिटला आहे. दुसऱ्या दोघी तिच्या कड्याला अंग टेकून बसायला लागल्या आहेत. क्लेमेंतनी येत्या रविवारनंतर आणखी एका आठवड्याची मुदत दिली आहे. तोवर माझ्याकडून झालं नाही, तर ते सगळ्यांना घेऊन येणार आणि घळ रिकामी करणार. त्यांचंही चूक नाही. शेजारच्या घळीत खरजेने एकही शिल्लक उरलं नाही. उजवीकडे अदमासाने धरून मार, असं ते म्हणतात. एका जिवाच्या बाबतीत मी अदमास करणार नाही.

उत्तर लगेच लिहा.
तुमची तिंकारा


तोल्मिन, २४ सप्टेंबर

चि. तिंकारा हिस अ. उ. आ.

पंधरा वर्षांपूर्वी तू इथे माझ्याकडे राहून शाळेत जात होतीस. त्या शरद ऋतूत तुझी आई आजारी, खिडकीपाशी पलंगावर असायची, आणि खिडकी घळीकडे उघडते. गोळीचा आवाज आला की ती दचकून विचारायची, आता कोण गेलं. मी एकदा फ्रिका घेऊन गेलो होतो, बटाटे नीट परतले नाहीत म्हणून तिने माझी टर उडवली, आणि मग शांतपणे तुझ्या बापाला म्हणाली की, मी ऐकतेय तोवर कुणाला पाडू नकोस. तो म्हणाला की, मी बंदूक सोडली तर घळ दुसऱ्याला देतील आणि तो रोज पाडेल. मग तिनेच तोड काढली. त्याने दुर्बिणीची चकती फिरवून नेम डावीकडे सरकवला, तिने तिच्या बाटलीतला थेंब वर लावला. बाटली दूर धर, वासाने माझं डोकं दुखतं, असं तो म्हणाला आणि ती हसली. ते तिचं हसणं मी ऐकलेलं शेवटचं.

त्यानंतर ती गेली. पण ती ऐकायची कधी थांबली, हे त्याला कोण सांगणार? म्हणून तो दर वर्षी त्या काठावर जायचा, एक गोळी मारायचा, आणि हात हलवत परत यायचा. मंडळाच्या तपासणीत कागदाच्या उजव्या कडेला नेम धरून ठिपका फोडायचा. हसणाऱ्यांना हसू द्यायचा.

पोरी, थेंब फोड. तुझ्या आईला कुणाचं मरण नको होतं, पण हे कुजणंही तिला बघवलं नसतं. रायफल नेमावर आण. तीन गोळ्या, चकती, पुन्हा तीन. शंभरवर जमलं म्हणून थांबू नकोस, खोक्यावरच्या तक्त्यावरही विश्वासू नकोस. घळीइतक्या अंतरावर स्वतः मारून बघ. खाली उतारावर मारताना गोळी थोडी वर लागते, तेवढं खाली धर. घळीत ऊन शिरलं की वारा उठतो, त्याच्या आधी.

माझे आशीर्वाद तुझ्या हाताशी आहेत.
फ्लोरियानकाका


पोद्स्काला, २ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

झालं. सुईने थेंब काढला. दोन दिवस खाणीत गेले. शेवटच्या तीन गोळ्यांची भोकं लांबच्या फळीवर माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

शुक्रवारी पहाटे काठावर पडून राहिले. उजाडलं तशी ती कळपाबरोबर बाहेर आली, सगळ्यांच्या मागून, चाचपडत. मी श्वास अर्धा सोडला आणि थांबले. या वेळी कानाशी कुणीच नव्हतं. गोळी लागली तशी ती जागच्या जागी बसली, पाय दुमडून, झोपायला बसावं तशी. घसरलीही नाही.

आता जे लिहिते ते क्लेमेंतना सांगितलेलं नाही. आवाज घळीत तीनदा फिरला आणि कळप पळाला नाही. त्यांनी माना वर केल्या, माझ्या काठाकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले. एक पिल्लू तर तिच्या अंगावरून उडी मारून पुढच्या गवताकडे गेलं. पंधरा वर्षांत या काठावरून आलेल्या आवाजाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं, काका. त्यांच्या आयांनी त्यांना तेच शिकवलं असणार.

हंगाम सुरू आहे. उद्या या काठावर मी असेन, परवा दुसरं कुणी, आणि आता गोळी डावीकडे जाणार नाही. मी उभी राहिले. टोपी काढून हलवली, ओरडले, दगड फेकले, घसा बसेपर्यंत. तेव्हा कुठे त्यांनी मला नीट पाहिलं आणि ते वर, कड्यापार निघून गेले.

तुमचा लोभ मला लागणार आहे, तो कमी होऊ देऊ नका.
तिंकारा